ईबू की शुएत? : फ्रेंचच्या पहिल्या पुस्तकातले प्राणी

मुलुंडच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेतील सहावीच्या मुलीची चाचणीची उत्तरपत्रिका आमच्यासमोर आहे. विषय फ्रेंच, गुण दहापैकी नऊ. दहा प्राण्यांची चित्रे दिली आहेत आणि प्रत्येक चित्राखाली त्या प्राण्याचे फ्रेंच नाव लिहायचे आहे. मांजराखाली 'शा', कुत्र्याखाली 'शियें', गाईखाली 'व्हाश', सगळे व्यवस्थित. आठवे चित्र घुबडाचे आहे. पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा, वर गोल गुळगुळीत डोके. मुलीने लिहिले आहे 'शुएत'. त्यावर लाल फुली मारून बाजूला बरोबर उत्तर दिले आहे : 'ईबू'.

मुलीने 'शुएत' हा शब्द एका चित्रकोशात पाहिला होता. वर्गात दिलेल्या यादीत तो नव्हता. यादीत 'आउल म्हणजे ईबू' एवढेच होते. म्हणून गुण गेला.

एका गुणासाठी विज्ञानाच्या मासिकाची पाने कशाला खर्ची घालायची, असे वाचक शिक्षक विचारतील. आमचे म्हणणे असे की मुलगी बरोबर होती आणि तिचे बरोबर असणे हे भाषेपेक्षाही प्राणिशास्त्रातले होते. फ्रेंचमध्ये घुबडांना रोजच्या बोलण्यातले दोन शब्द आहेत. ज्याच्या डोक्यावर पिसांचे दोन तुरे असतात तो 'ईबू'. ज्याचे डोके बिनतुऱ्याचे, गोल असते ती 'शुएत'. प्रश्नपत्रिकेतले घुबड आपल्याकडे गव्हाणी घुबड म्हणून ओळखतात ते होते. त्याला तुरे नसतात. ते फ्रेंच माणसासाठी शुएतच. म्हणजे मुलीने चित्राकडे पाहिले आणि तपासणाऱ्याने यादीकडे. निरीक्षण करणाऱ्याला फुली मिळाली, एवढ्यावरून विज्ञानाच्या शिक्षकाने कान टवकारायला हरकत नसावी.

मुंबईच्या उपनगरांत फ्रेंच आता नवलाईची राहिलेली नाही. केंद्रीय आणि आंतरराष्ट्रीय मंडळांच्या अनेक शाळांत ती पाचवी-सहावीपासून असते. राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत 'गुण देणारा विषय' अशी तिची ख्याती आहे. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत तिच्या शिकवण्या चालतात. पहिल्या काही महिन्यांत रंग, आकडे, नातेवाईक, फळे आणि प्राणी अशा याद्या ठरलेल्या. गेल्या वर्षभरात परिचयातल्या मुलांच्या वह्या आणि शिकवण्यांतील सरावपत्रके आम्ही चाळली. कोणा एका पुस्तकाचे नाव घ्यावे असे त्यांत काही नाही, कारण सगळ्या याद्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत. आधी घोडा, गाय, डुक्कर, मेंढी, ससा, कोंबडी, बदक. मग सिंह, हत्ती, जिराफ. थोडक्यात, नॉर्मंडीतले एक शेत आणि शेजारी आफ्रिकेतली एक सहल. या दोहोंच्या मध्ये मुलुंड कुठेच येत नाही.

प्राण्यांची ही निवड कोण करते? प्राणिशास्त्रज्ञ नक्कीच करत नाही. पुष्कळदा ती व्याकरण करते. घोडा यादीत हवा, कारण 'शव्हाल'चे अनेकवचन 'शव्हो' होते आणि तो नियम शिकवायचा असतो. ईबूही याच वाटेने आला असावा असा आमचा कयास आहे. 'ऊ'ने संपणाऱ्या फ्रेंच नामांपैकी सात नामे अनेकवचनात नेहमीच्या अक्षराऐवजी 'एक्स' घेतात, आणि ती सात नामे फ्रान्समधली मुलेही घोकतात : दागिना, गारगोटी, कोबी, गुडघा, घुबड, खेळणे आणि ऊ. या सातांत प्राणी दोनच. त्यांतली डोक्यातली ऊ, म्हणजे 'पू', सहावीच्या वर्गाला घुबडापेक्षा कितीतरी अधिक परिचित, पण तिला सभ्य यादीत जागा नाही. घुबड मात्र अपवादाच्या खुंटीला टांगलेले राहिले आणि शुएत नियमाप्रमाणे वागते म्हणून बाहेर राहिली.

याच घुबडाच्या धड्यात विज्ञानाच्या शिक्षकाला केवढे घबाड आहे ते पाहा. ईबूचे तुरे म्हणजे कान नव्हेत, ती नुसती पिसे. खरे कान डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांखाली झाकलेले असतात. गव्हाणी घुबडाचा एक कान दुसऱ्यापेक्षा किंचित वर असतो, त्यामुळे आवाज दोन्ही कानांत थोड्या फरकाने पोचतो आणि पूर्ण अंधारातही उंदराची जागा त्याला कळते. बदामी चेहरा हा आवाज गोळा करणारी तबकडीच होय. आणखी पुढे जायचे तर, तुऱ्यांवरून केलेली ही फ्रेंच विभागणी शास्त्रीय वर्गीकरणाशी तंतोतंत जुळत नाही. उत्तर ध्रुवाकडचे पांढरे हिमघुबड गोल डोक्याचे दिसते, पण शास्त्रज्ञ त्याला तुरेवाल्या मोठ्या घुबडांच्याच प्रजातीत बसवतात. लोकांचे वर्गीकरण डोळ्याला दिसते त्यावर चालते, शास्त्राचे नात्यागोत्यावर. हा फरक समजावायला आपण एरवी व्हेल आणि माशाचे जुनेच उदाहरण देतो. इथे फ्रेंचच्या तासाने नवे उदाहरण हातात ठेवले होते आणि तासाने त्यावर फुली मारली. (जाता जाता : 'शुएत' या शब्दाचा बोलीभाषेतला दुसरा अर्थ 'झकास' असा आहे. आपल्याकडे 'घुबड' ही शिवी. अर्थात फ्रान्सने फार ऐट मिरवू नये. तिकडच्या खेड्यांत अपशकुन टळावा म्हणून घुबडाला खिळ्यांनी कोठाराच्या दारावर ठोकण्याची रीत होती.)

आता लिंगाकडे वळू. फ्रेंच नामांना दोन लिंगे असतात. 'ल ईबू' पुल्लिंगी, 'ला शुएत' स्त्रीलिंगी. 'ल क्रापो' म्हणजे खरखरीत कातडीचा भेक, 'ला ग्रनुय' म्हणजे गुळगुळीत कातडीचा पाणथळ बेडूक. फ्रान्समधल्या कित्येक लहान मुलांची अशी खात्री असते की क्रापो हा ग्रनुयचा नवरा आणि ईबू हा शुएतचा. शब्दाचे लिंग आणि प्राण्याचे लिंग यांची ही गल्लत आहे. भेकांत नर-मादी असतात आणि बेडकांतही असतात.

मराठी मूल या बाबतीत फ्रेंच मुलापेक्षा एक पाऊल पुढे आहे, निदान असायला हवे. तो उंदीर, ती खार, ते घुबड. तीन-तीन लिंगे ते न शिकता बोलते. खार म्हटली म्हणजे ती मादीच असे त्याला कधी वाटत नाही. गुजरातीतही तीन लिंगे आहेत आणि घाटकोपर-मुलुंडच्या वर्गांत गुजराती मुले कमी नसतात. वर सानुनासिक उच्चारही या मुलांना परके नाहीत. 'शियें' किंवा 'लापें' म्हणताना मालवणी घरातल्या मुलाला नाकात बोलायला वेगळे शिकवावे लागू नये. एवढे भांडवल घेऊन मूल वर्गात येते आणि वर्ग काय करतो? 'कॅट म्हणजे शा, आउल म्हणजे ईबू.' इंग्रजीत नामाला असे लिंगच नाही. आधी मुलाला मराठीतून इंग्रजीत उतरवायचे, तिथे लिंग काढून घ्यायचे आणि मग फ्रेंचच्या दारात 'लिंग पाठ करा' म्हणून बजावायचे. चर्चगेटहून अंधेरीला जायला आधी पनवेल गाठण्यासारखा हा प्रकार आहे.

आपणही या गल्लतीतून पुरते सुटलेलो नाही, हे इथेच कबूल करू. मुंगळा हा मुंगीचा नर असे मराठी मुलांना, आणि काही मोठ्यांनाही, वाटते. प्रत्यक्षात भिंतीवरून रांगेने जाणारे मोठे काळे मुंगळे ही वेगळीच जात आहे, आणि रांगेतले ते सगळे कामकरी माद्या असतात. नर पंखांचे असतात आणि मीलनाच्या काळापुरते दिसतात. क्रापो आणि ग्रनुय शेजारीशेजारी ठेवून शिकवले, तर आपल्याच मुंगळ्याकडे मुले नव्याने पाहतील.

मुंगीचा विषय निघाला आहे तर तिच्या प्रसिद्ध जोडीदाराबद्दलही बोलू, कारण फ्रेंचच्या यादीतला सर्वांत चुकीचा शब्द आम्हाला तिथे सापडला. पाठांतराच्या स्पर्धांसाठी मुलांकडून ला फोंतेनची 'सिगाल आणि फुर्मी' ही कथाकविता घोटून घेतली जाते. १६६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या संग्रहातली ही अगदी पहिली कथा. आमच्या पाहण्यातल्या वह्यांत 'सिगाल'चा अर्थ 'ग्रासहॉपर' असा दिला आहे आणि एकीत त्यापुढे मराठीत 'नाकतोडा'. दोन्ही चूक. सिगाल म्हणजे सिकाडा. झाडाच्या सालीला चिकटून बसणारा, पारदर्शक पंखांचा, भर दुपारी करवत चालवल्यासारखा आवाज करणारा कीटक. नाकतोड्याला फ्रेंचमध्ये 'सोतरेल' म्हणतात. पावसाच्या आधीच्या दिवसांत कान्हेरीच्या रस्त्याने गेलेल्या प्रत्येकाने सिकाडाचा गजर ऐकला आहे. आपण त्यालाही रातकिडा म्हणून मोकळे होतो. भरदुपारी ओरडणाऱ्याला रातकिडा म्हणणे ही आपली स्वतःची चूक, तिचे खापर फ्रेंचवर फोडता येणार नाही.

या कथेवरची सर्वांत चांगली टीका एका शिक्षकाने केली आहे. जाँ-आंरी फाब्र (१८२३ - १९१५) याने आयुष्याची बरीच वर्षे शाळांतून शिकवण्यात घालवली आणि दक्षिण फ्रान्समध्ये कीटकांचे निरीक्षण केले. त्याच्या कीटकविषयक आठवणी १८७९ ते १९०७ या काळात दहा भागांत प्रसिद्ध झाल्या. सिगाल हिवाळ्यात मुंगीच्या दारी धान्य मागायला जाते, ही कल्पना त्याने पुराव्यानिशी मोडून काढली. हिवाळा येईतो सिगाल जिवंतच नसते. धान्य ती खाऊ शकत नाही, कारण तिला चावायचे तोंड नाही, रस शोषायची सोंड आहे. उलट उन्हाळ्यात ती फांदीला भोक पाडून रस पिऊ लागली की मुंग्याच तहानेने तिथे गोळा होतात, तिच्या पायांखाली घुसतात, तिला हुसकावतात. पुढे ती मेली की तिचे तुकडे करून वाहून नेणाऱ्याही मुंग्याच. भिकारी कोण आणि दाता कोण याची कथेने बरोबर उलटापालट केली आहे. ला फोंतेन उत्तरेकडचा. सिगालचा आवाज त्याच्या गावी नव्हता आणि त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा नाकतोडाच असावा, असा फाब्रचा तर्क. ही कथा ग्रीकांकडे मुळात भारतातून गेली असावी आणि वाटेत कुठेतरी मूळ प्राण्याच्या जागी सिगाल बसली असावी, असेही त्याला वाटे. तो तर्क आपण तर्क म्हणूनच ठेवू. पण १६७८ च्या दुसऱ्या संग्रहात ला फोंतेनने पिल्पे नावाच्या भारतीय ज्ञान्याचे ऋण स्वतःच मान्य केले आहे. आपले पंचतंत्र अरबी-फारसीच्या मुक्कामांनंतर या पिल्पेच्या नावाने युरोपात पोचले होते.

फाब्रही चुकला, हेही मुलांना सांगावे. सिगालला ऐकू येते का हे पाहण्यासाठी त्याने गावजत्रेत बार काढायच्या तोफा झाडाखाली उडवल्या. वरचे गायन तसूभरही थांबले नाही. त्यावरून त्याने सिगाल बहिरी, निदान फार कमी ऐकणारी ठरवली. पुढच्या संशोधनात सिकाडाला श्रवणपटल असल्याचे आणि तो आपल्या जातीचा आवाज ऐकत असल्याचे दिसून आले. प्रयोग झकास, निष्कर्ष घाईचा. शिवाय गातात ते फक्त नर, आणि फ्रेंच शब्द मात्र स्त्रीलिंगी. एवढी शिदोरी ज्या एका शब्दात आहे त्याचा अर्थ 'नाकतोडा' असा लिहून पुढच्या शब्दाकडे वळणे याला आम्ही वेळेची बचत म्हणणार नाही.

यादीत नसलेल्या प्राण्यांचे काय? बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचे आहे आणि मुलुंड त्याच्या पूर्वेच्या कडेला टेकलेले. खिडकीतून दिसणाऱ्या पोपटाला यादी 'पेरोके' म्हणते. आपला लांब शेपटीचा, गळ्यात कंठी असलेला पोपट म्हणजे 'पेरुश आ कोलिए', कंठीवाली पेरुश. हाच पोपट आज पॅरिसच्या बागांतूनही ओरडत असतो. १९७० च्या दशकात ऑर्ली विमानतळावर मालाच्या पिंजऱ्यांतून सुटलेल्या पक्ष्यांपासून तिथली वस्ती वाढली असे मानतात. म्हणजे पॅरिसच्या आणि बोरिवलीच्या मुलाने दोघांनीही रोज पाहिलेला हा पक्षी, आणि तोच धड्यात नाही. घाटकोपरच्या चाळीतल्या भिंतीवरची पाल 'जेको', पण यादीत पाल, सरडा, सापसुरळी, घोरपड या चौघांना मिळून 'लेझार' एवढा एकच शब्द. मुलुंड-भांडुपच्या खाडीत हिवाळ्यानंतर दिसणारे रोहित पक्षी बहुसंख्येने लहान जातीचे, म्हणून 'फ्लामां नें', बुटके फ्लामां. चित्रातल्या मोठ्याला 'फ्लामां रोझ', गुलाबी फ्लामां, म्हणतात. हा गुलाबीपणा अन्नातल्या रंगद्रव्यांचा आणि पिल्ले करडी, हे विज्ञानाच्या तासाला सांगता येईल. नागाला फ्रेंच लोक 'चष्मेवाला' म्हणतात, कारण फण्यावरच्या खुणेत त्यांना चष्मा दिसला. आपल्या लोकांना त्याच खुणेत दहाचा आकडा दिसतो. खूण तीच, पाहणारे निराळे.

आणि मुंगूस. कुंपणाच्या कडेने सुर्रकन जाणारे मुंगूस उपनगरांतल्या बहुतेक मुलांनी पाहिलेले असते. फ्रेंचमध्ये त्याला म्हणतात 'मांगुस्त'. वाचकांनी हा शब्द एकदा मोठ्याने उच्चारून पाहावा. तो आपलाच आहे. फ्रेंच कोशकार त्याचे मूळ मराठी मुंगूस-मंगूस असे देतात. पोर्तुगीजांच्या तोंडून तो युरोपात गेला, आणि इंग्रजीतला 'मंगूज'ही त्याचाच भाऊ. ज्या साष्टी बेटावर अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड वसले आहेत ते १५३४ पासून १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडेच होते. फ्रेंच शिकणाऱ्या मराठी मुलाला पहिल्या दिवशी, एकही अक्षर न घोकता, आधीपासून येत असलेला हा शब्द आम्हाला एकाही यादीत आढळला नाही. डुक्कर होते, पाणघोडासुद्धा होता.

फ्रेंचच्या शिक्षकांची बाजू आम्ही ऐकली आहे आणि ती पोकळ नाही. आठवड्याला दोन तास, वर्गात पन्नास मुले, परीक्षा छापील यादीवर. नवशिक्याला एका प्राण्याला एकच शब्द द्यावा, बारकावे मागून यावेत, हेही म्हणणे रास्त. 'चिंपांझीही सेंज आणि माकडही सेंज' हे पहिल्या महिन्यात कशाला उलगडत बसायचे? कबूल. आम्ही यादी मोठी करा असे म्हणत नाही. ती वीसच शब्दांची असू द्या, पण त्यांतले दहा शब्द मुलांनी शाळेच्या वाटेवर पाहिलेल्या प्राण्यांचे असू द्या. वहीत इंग्रजी शब्दाऐवजी प्राण्याचे चित्र काढू द्या आणि नामाआधी 'ल' की 'ला' हे लिहिल्याशिवाय शब्द पुरा झाला असे मानू नका. एखाद्या मुलाने यादीबाहेरचा शब्द लिहिला तर फुली मारण्यापूर्वी कोश उघडा. यातल्या कशालाही जादा तास लागत नाही. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या विज्ञानाच्या बाईंना वर्षातून दोनदा विचारावे लागेल, एवढेच. आणि विज्ञानाच्या बाईंनी 'तो माझा विषय नव्हे' असे म्हणू नये, कारण प्राण्याला नाव कशावरून पडले हा त्यांचाही विषय आहे.

मुलुंडच्या त्या शाळेतल्या फ्रेंचच्या बाईंना आम्ही भेटलो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, चित्र पुन्हा पाहिले, कोशही पाहिला आणि गुण देता येणार नाही असे सांगितले. उत्तरसूची वरून येते आणि सगळ्या तुकड्यांना एकच असते. मात्र पुढच्या वर्षी ही चूक राहणार नाही, असे त्या म्हणाल्या. आम्ही विचारले, उत्तर बदलणार का? त्या म्हणाल्या, "नाही, चित्र बदलीन. तुरेवाले घुबड घालीन." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "त्या मुंगसाचे चित्र असेल का तुमच्याकडे?"